डब्यातलं झाडांचं बी दुसऱ्या वर्षी का उगवत नाही?

दर जूनमध्ये हा फोन येतोच. "भाऊ, मागच्या हिवाळ्यात खैराचं बी गोळा केलं होतं. चांगलं वाळवलं, बरणीत भरलं, झाकण घट्ट लावलं. आता पेरलं तर शंभरात पाचही आलं नाही." समोर कधी शाळेतले मास्तर असतात, कधी टेकडीवर झाडं लावणारा एखादा गट, कधी नुकतीच रोपवाटिका काढलेला पोरगा. निदान त्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं: बी जुनं झालं.

बी जुनं होतं आणि मरतं, हे खरंच. पण ते किती दिवसांत जुनं व्हायचं, हे कॅलेंडर ठरवत नाही. १७९३ मध्ये चीनमधून आणलेल्या, आपल्या शिरीषाच्या कुळातल्या एका झाडाच्या बिया लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात नमुना म्हणून ठेवलेल्या होत्या. १९४० मध्ये तिथे बॉम्ब पडला, आग विझवताना मारलेलं पाणी त्या नमुन्यांपर्यंत पोचलं आणि काही बियांना मोड आले. १४७ वर्षांनी! आणि इकडे आषाढात वेचलेली निंबोळी नीट हाताळली नाही तर श्रावण संपेपर्यंतही धड राहत नाही.

आमच्याकडेही पहिली चार-पाच वर्षं बी असंच मरायचं. मी कधी बरणीला दोष दिला, कधी झाडाला, एकदा तर बी विकणाऱ्या व्यापाऱ्याशी भांडूनही आलो. चूक माझ्याच अंगणात होती, आणि ती बरणीचं झाकण लागायच्या आतच झालेली असायची.

आधी बघा: मेलंय की झोपलंय

पेरलेलं उगवलं नाही म्हणजे बी मेलं असं नाही. बहावा, बाभूळ, शिरीष यांचं कवच इतकं कडक की पाणी आतच शिरत नाही. वाफ्यात महिनाभर राहिलेली बहाव्याची बी उकरून काढा. अजून तशीच टणक, चकचकीत, फुगलेली नाही, तर ती जिवंत असण्याची शक्यता मोठी आहे. नेलकटरने कडेचा एक टवका काढा, डोळ्याच्या, म्हणजे जिथे मोड फुटतो त्याच्या, विरुद्ध बाजूला. रात्रभर पाण्यात टाका. सकाळी ती दुप्पट झालेली दिसेल. बाभळीचं बी आमच्याकडच्या मावशी शेळ्यांच्या वाड्यातून लेंड्यांबरोबर गोळा करून आणतात. शेळीच्या पोटातून आलेलं बी आधीच नरमलेलं असतं, त्याला नेलकटर लागत नाही.

सागाचं फळ तर ताजं असताना नीट उगवतच नाही. एक वर्ष पडून राहिलेलं बरं उगवतं, आणि पेरण्यापूर्वी आठवडा-दोन आठवडे एक दिवस भिजवायचं, एक दिवस उन्हात टाकायचं असं करावं लागतं. लोक पहिल्याच पावसात पेरतात आणि शिव्या देत बाकीचं पोतं उकिरड्यावर ओततात. मी स्वतः बहाव्याची अख्खी बरणी अशी फेकलेली आहे. पुढच्या पावसाळ्यात उकिरड्यातूनच रोपं वर आली.

मेलेलं बी ओळखायची खूण वेगळी. भिजवल्यावर ते चटकन फुगतं, बोटाने दाबलं की पिठूळ लागतं, दोन दिवसांत पाणी गढूळ होऊन फेस येतो आणि वास मारतो. हे पाणी बरंच सांगून जातं. बियांच्या पेशींची आवरणं फाटली की आतली साखर आणि क्षार पाण्यात झिरपतात. पाणी स्वच्छ राहिलं तर घाई करू नका, वाट बघा.

ओल

वाळलेलं बी दगडासारखं दिसलं तरी आत जीव असतो आणि त्याचा श्वास चालू असतो. ओल जास्त असली तर श्वास जोरात, त्यातून ऊब, उबेतून बुरशी. ओल पुरेशी कमी झाली की पेशीतला रस काचेसारखा घट्ट होतो आणि सगळा कारभार मंदावतो. मंदावतो, थांबत नाही. जुनं खोबरं खवट होतं ना, तसं बियांतलं तेल हळूहळू खवटत राहतं, पेशीच्या आवरणांना चिरा जातात, डीएनए तुटत राहतो. पाणी मिळाल्यावर बी आधी ही डागडुजी करतं आणि मगच मोड काढतं. मोडतोड डागडुजीच्या पलीकडे गेली की संपलं.

त्यामुळे उगवण दर महिन्याला थोडी थोडी कमी होत नाही. बराच काळ आकडा हलत नाही आणि मग एकदम घसरगुंडी लागते. "गेल्या वर्षी तर याच बरणीतलं छान आलं होतं" असं लोक म्हणतात, ते खोटं बोलत नसतात. फक्त त्या वर्षी मोड चार-पाच दिवस उशिरा आणि मागेपुढे आले होते, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. उशीर ही पहिली खूण.

हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे: बियांतली ओल एक टक्क्याने उतरली की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. साधारण १४ टक्क्यांपासून ५ टक्क्यांपर्यंत तो चालतो. म्हणजे १४ टक्क्यांवर भरलेलं बी आणि ८ टक्क्यांवर भरलेलं बी, यांच्या आयुष्यात ६४ पटींचा फरक. हा अंदाज आहे, हमी नाही. तरी फ्रिज घ्यायचा की वाळवण सुधारायचं, या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळतं. फ्रिजने खोलीचं २८ अंश उतरवून ५ वर आणलं तरी दुपटी होतात साडेचार. सहा टक्के ओल काढली की सहा, आणि विजेचं बिलही नाही.

झाकण दुपारी लावा

आता माझी चूक. मार्चमध्ये खैराचं बी तीन-चार दिवस ताडपत्रीवर पसरायचो. रात्री तिथेच. चौथ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, गारव्यात बसून सगळे मिळून बरण्या भरायचो. किती शहाणपणाचं वाटायचं!

पण बी हवेशी देवाणघेवाण करत असतं. हवा कोरडी असेल तर ते ओल देतं, दमट असेल तर घेतं. मग एकदा तीनशे-चारशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आणून अंगणात टांगला. तो हवेतली सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत दाखवतो. मार्चमधली तीच हवा पहाटे ६० च्या घरात आणि दुपारी तीनला २०-२५. खैराची पातळ चपटी बी रात्रभरात यातली बरीच ओल परत पिऊन घेते. म्हणजे मी तीन दिवस वाळवून चौथ्या सकाळी, बी सगळ्यात ओलं असताना, तिला हवाबंद करत होतो. त्यापेक्षा कापडी पिशवीत टांगलं असतं तर बरं. पिशवीतलं बी निदान पुढच्या दुपारी पुन्हा वाळतं. ओलं बी हवाबंद करणं हे बी मारायचं सगळ्यात खात्रीचं तंत्र.

तेव्हापासून सूर्य मावळायच्या आत बी गोळा करून झाकलेल्या पिंपात, आणि बरण्या भरायच्या दुपारी तीन ते चारमध्ये. घाम गळतो. गळू दे.

तोच मापक बरणीलाही लावता येतो. बरणी तीन-चतुर्थांश बियांनी भरा, मापक आत टाका, झाकण लावून रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी काचेतून आकडा वाचा. हा आकडा बियांचा. ३० च्या खाली असेल तर उत्तम. ४० च्या वर असेल तर मी ती बरणी बंद करत नाही, पुन्हा उन्हाळी दुपार दाखवतो. ६५-७० च्या वर असेल तर बुरशीचं आमंत्रण गेलेलंच आहे. बियांच्या वजनाच्या टक्क्यांतल्या ओलीपेक्षा (हॅरिंग्टनचा ठोकताळा तिच्यावरच आहे) हा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तेलकट बी आणि पिठूळ बी एकाच हवेत वेगवेगळी ओल धरतात. आठ टक्के एकाला कोरडं असतं, दुसऱ्याला नाही.

स्वस्त मापक खोटंही बोलतो. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, वर पाण्याचे थोडे थेंब, नुसतं ओलसर होईल इतकेच. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. मिठावरची हवा ७५ दाखवायला हवी. मापक ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी मनात पाच मिळवायचे.

मापक नसेल तर मिठाचीच दुसरी युक्ती आहे. कढईत भाजून गार केलेलं कोरडं मीठ दोन-तीन चमचे, कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर बियांबरोबर टाकून हलवा. दहा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेलं दिसलं तर बी ओलं. पण ही परीक्षा ढोबळ आहे. पंधरा टक्क्यांच्या वरची ओल तेवढी पकडते. तीत नापास झालेलं बी नक्की नापास, पास झालेलं मात्र पास म्हणता येत नाही.

कोकणात ही दुपारची युक्ती पुरत नाही, तिथे दुपारही दमटच. घाटावरही जूननंतर हाती आलेल्या बियांचा हाच प्रश्न. तिथे सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे, ओले झाले की रंग बदलणारे दाणे. बियांच्या वजनाइतकं, आतला रंग दिसेल अशा पातळ कापडाच्या पुरचुंडीत, त्याच बरणीत. रंग बदलला की पुरचुंडी बदला आणि जुनी साधारण १२० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा. ते नसेल तर तांबूस होईपर्यंत भाजलेले तांदूळ, गरम असतानाच डब्यात झाकून गार केलेले. त्यांचा जोर कमी, म्हणून बियांच्या कितीतरी पट घ्यावे लागतात, आणि उंदरांचं तेवढं सांभाळा. सिलिका जेलची शेवटची छोटी पुरचुंडी बरणीत कायमची राहू द्या. काचेतून रंग बदललेला दिसला की झाकणाचं रबर गेलंय, हे बरणी न उघडता कळतं.

आणि पत्र्यावर, सिमेंटच्या गच्चीवर भर उन्हात ओलं बी टाकू नका. वाळलेलं बी उष्णता सोसतं, ओलं शिजतं. पहिले दोन दिवस सावली आणि वारा, ऊन त्यानंतर.

पण काही बियांना वाळवणं म्हणजेच मरण

वरचं सगळं वाचून कोणी जांभळाच्या बिया मापक लावून वाळवायला घेतल्या तर माझ्या नावाने बोटं मोडेल. १९७३ मध्ये रॉबर्ट्स या बीजशास्त्रज्ञाने बियांचे दोन गट पाडले: वाळवलेलं चालतं त्या ऑर्थोडॉक्स, चालत नाही त्या रिकॅल्सिट्रंट. आम्ही दुसऱ्यांना हट्टी म्हणतो. आंबा, फणस, जांभूळ, कोकम, सीताअशोक हे सगळे हट्टी. झाडावरून पडतानाच त्यांच्यात भरपूर पाणी असतं, वाढ थांबलेली नसते, आणि वाळणं हा टप्पा त्यांच्या आयुष्यात येतच नाही. फ्रिजही नको, उष्ण प्रदेशातल्या या बिया थंडीनेही मरतात.

यांच्यासाठी साठवण हा शब्दच डोक्यातून काढा. जांभळं खाल्ली त्याच संध्याकाळी बिया चोळून धुवायच्या, ओलसर कोकोपीटमध्ये (पिळलं तर पाणी गळणार नाही इतकं ओलसर), भोकं पाडलेल्या पिशवीत, सावलीत. दोन-तीन आठवडे मिळतात, तेवढ्यात पिशव्या भरून घ्या. वर्षभर ठेवायचंच असेल तर रोप करून ठेवा. शाळांना "मुलांनो, सुट्टीत फळांच्या बिया वाळवून आणा" असं सांगणारे उपक्रम दर वर्षी होतात आणि पोती भरून आंब्याच्या कोया, जांभळाच्या बिया जमतात. त्यात मुलांच्या हौसेशिवाय जिवंत फारसं काही नसतं. ते पुढे मातीच्या गोळ्यांत घालून डोंगरावर फेकतात. चांगलं बीसुद्धा ओल्या चिखलात वळून पुन्हा वाळवल्यावर अर्धवट जागं होऊन मरू शकतं, मग या बियांचं काय सांगावं!

निंबोळी या दोन्हींच्या मधली. १९९० मध्ये कॉफीच्या बियांवरून हा तिसरा, मधला गट मान्य झाला: थोडं वाळवलेलं चालतं, फार नाही, आणि थंडी मानवत नाही. निंबोळीचा खरा घात मात्र गराने होतो. पोत्यात भरून दोन दिवस ठेवलेल्या निंबोळ्यांत हात घालून बघा, गरम लागतं. गर आंबतो, ढीग तापतो, बी तिथेच जातं. पिवळसर झालेली फळं झाडाखाली कापड अंथरून झाडून घ्या, त्याच दिवशी पाण्यात चोळून गर काढा, सावलीत पसरा. मग दहा बिया फोडा. आतला मगज हिरवा असेल तर जीव आहे. पिवळट तपकिरी असेल तर पेरण्याचे कष्ट घेऊ नका, निंबोळी अर्काला वापरा. आम्ही निंबोळी साठवतच नाही, आषाढातच पिशवीत टोचतो.

चांगल्या बरणीतलं बी बादलीत मरतं

हे लक्षात यायला मला फार वर्षं लागली. खूप कोरडं बी एकदम थंड पाण्यात बुडवलं की पाणी इतक्या जोरात आत घुसतं की वाळून ताठरलेली आवरणं फाटतात. वाळवून ठेवलेल्या निंबोळीला तर हे हमखास होतं, तिला कोमट पाणी मानवतं. बाकीच्या पातळ सालीच्या बियांसाठी सोपा उपाय: पेरायच्या आदल्या रात्री चाळणीत बी, खाली पाण्याचं भांडं, पाणी बियांना लागता कामा नये, वर झाकण. रात्रभर ओलसर हवा पिऊन बी मऊ होतं, मग पाण्यात टाका. आणि चोवीस तासांपेक्षा जास्त बादलीत ठेवू नका, गुदमरतं.

फ्रिजच्या बाबतीतही घात बाहेर काढतानाच होतो. गार बरणी लगेच उघडली की कोरड्या थंड बियांवर दव धरतं. बरणी बंदच चार-पाच तास बाहेर राहू द्या. म्हणून मी एका मोठ्या बरणीऐवजी पाव-पाव किलोच्या लहान बरण्या करतो, एक उघडली की ती संपवायची. डीप फ्रीजर मी फक्त किडीसाठी वापरतो. शेंगांतले भुंगेरे झाडावरच अंडी घालून गेलेले असतात, बरणीत नंतर गोल भोकं आणि भुकटी दिसते. पूर्ण वाळलेलं बी हवाबंद करून आठवडाभर गोठवलं की अळ्या मरतात. ओलं गोठवलं तर आतलं पाणी बर्फ होऊन बीच मरतं.

पेरण्याआधी

वर्षातून दोनदा, होळीच्या आणि दिवाळीच्या सुमारास, प्रत्येक बरणीतल्या पन्नास बिया ओल्या गोणपाटात गुंडाळतो. कडक कवचाच्या असतील तर आधी टवका. मोड आलेल्या मोजायच्या, आणि पहिला मोड कितव्या दिवशी आला तेही लिहायचं. प्रयोगशाळेत टेट्राझोलियमच्या द्रावणात बी लाल होतं का ते बघून एक-दोन दिवसांत निकाल देतात, पण आपलं गोणपाट पुरतं. पन्नासातल्या चाळीस आल्या तर नेहमीसारखं. पंचवीस आल्या तर त्या बरणीचं बी याच वर्षी संपवायचं, एका पिशवीत दोन-दोन टोचून. पुढच्या वर्षी त्याच बरणीत पंचवीसचे बारा नाही, दोनच निघू शकतील. घसरगुंडी लागलेली असते. दहाच्या खाली असेल तर बी नवं गोळा करा. अशा बियांतून आलेली थोडी रोपं लावायला हरकत नाही, पण त्यांच्या वाढीत कसर राहते असा आमचा अनुभव.

बरणीवरच्या चिठ्ठीवर चार गोष्टी: झाडाचं नाव, ते कुठल्या गावचं, झाकण लावल्याची तारीख आणि त्या वेळी मापकावर दिसलेला आकडा. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची आणि एक बरणीच्या आतही टाकायची. बाहेरची दुसऱ्या पावसाळ्यात झुरळं खातात.